सगळे भाग नामांकित, तरी ग्रुप फाटतो

मंडळी, भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली, म्हणून आज मी बोलणार आहे ते इथल्या, अमेरिकेतल्या शिकारी रायफलीबद्दल. विस्कॉन्सिनमध्ये थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी हरणांचा ९ दिवसांचा बंदुकीचा हंगाम सुरू होतो. त्याआधी रेंजवर गेलात तर एक तक्रार हमखास कानावर येते. मागच्या आठवड्यात तीन गोळ्या नाण्याखाली झाकल्या जात होत्या. आज तीच रायफल, तीच काडतुसं, आणि भोकं कागदभर पसरलीत. एकाच ठिपक्यावर झाडलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पुंजका म्हणजे ग्रुप, आणि तो असा पसरला की म्हणायचं ग्रुप फाटला.

तक्रार करणाऱ्याची रायफल बहुतेक वेळा 'कस्टम' असते. १९६२ पासून बनत आलेल्या रेमिंग्टन ७०० ची अ‍ॅक्शन (काडतूस आत घेऊन झाडणारी मधली यंत्रणा), त्यावर नवी नळी, नवा ट्रिगर, फायबरग्लासचा दस्ता, नळीच्या तोंडाला धक्का कमी करणारा मझल ब्रेक आणि वर महागडा स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण. एकेक भाग नावाजलेला. मग संशय जातो नळीवर, कारण पैसे तिथेच ओतलेले असतात. माझा अनुभव उलटा आहे. नळीला सगळ्यात शेवटी पकडा. अशा रायफलीत दोष भागांत कमी असतो, आणि दोन भाग जिथे एकमेकांना टेकतात तिथे जास्त.

पण त्याही आधी विचारा, बिघाड खरंच झालाय का? या प्रश्नावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण इथे जितकी काडतुसं वाया जातात तितकी दुसरीकडे कुठे जात नाहीत. अंतर शंभर यार्ड धरू. एक ठणठणीत रायफल घ्या, तिचे तीन गोळ्यांचे ग्रुप सरासरी १ इंचाचे, म्हणजे सगळ्यात दूरच्या दोन भोकांमध्ये इंचभर अंतर. काहीही न बदलता तिचा एखादा ग्रुप ०.६ इंचाचा येईल, एखादा १.४ चा. हा निव्वळ योगायोगाचा खेळ. शिवाय गोळ्या वाढल्या की ग्रुप मोठा होणारच: त्याच रायफलीचा पाच गोळ्यांचा ग्रुप सरासरी सव्वा इंचाच्या आसपास, आणि दहा गोळ्यांचा १.६ इंचाच्या. लोक काय करतात? ०.६ वाला कागद पाकिटात जपून ठेवतात, १.४ वाला आला की रायफल बिघडली म्हणतात, आणि स्क्रू-ड्रायव्हर काढतात. तेव्हा आधी दहा गोळ्या झाडा, हवं तर पाच-पाचच्या दोन कागदांवर, आणि कागद एकमेकांवर ठेवून बघा. शिकारी नळी बारीक असते, लवकर तापते. दर दोन-तीन गोळ्यांनी बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) उघडा ठेवून तिला निवू द्या.

आता त्या दहा भोकांचा आकार बघा. सगळीकडे सारखी विखुरलेली असतील तर काडतूस, नळी किंवा नेम धरणारा. पण दोन वेगवेगळे छोटे पुंजके दिसले, तर मला जवळपास खात्रीच वाटते की काहीतरी सैल आहे आणि ते दोन जागांवर आलटून पालटून बसतंय.

सुरुवात स्कोपच्या पट्टीपासून करा, म्हणजे स्कोप ज्यावर बसतो त्या अ‍ॅक्शनवर स्क्रूनं आवळलेल्या पट्टीपासून. रायफल रिकामी आहे ना, हे डोळ्यांनी आणि बोटानं, दोन्हींनी तपासून मगच. रेमिंग्टन ७०० वर पट्टीच्या सगळ्यात पुढच्या स्क्रूचं भोक नळीच्या आट्यांच्या वर येतं. स्क्रू जरा लांब असला की तो पट्टीला आवळण्याआधी त्या आट्यांवर टेकतो. हाताला वाटतं घट्ट बसला, पट्टी मात्र मोकळीच. स्कोपला धरणाऱ्या कड्यांचे स्क्रू साधारण १५ ते २० इंच-पाउंडांवर (हे आवळण्याच्या जोराचं माप) आवळतात. बनवणाऱ्यानं दिलेला आकडा पाळा आणि ठरावीक जोरानंच आवळणारा टॉर्कचा पाना वापरा, मनगटाच्या अंदाजावर जाऊ नका. तरी शंका राहिली तर दुसऱ्या रायफलीवर चांगला चाललेला स्कोप आणून लावा. एका दुपारीत निकाल लागतो.

नंतर दस्ता. ओबडधोबड जमिनीवर पाट डुगडुगतो, तशी अ‍ॅक्शन दस्त्यात डुगडुगते. दर धक्क्याला कधी या कडेवर, कधी त्या. यावर उपाय म्हणजे बेडिंग, म्हणजे अ‍ॅक्शनच्या आकाराबरहुकूम इपॉक्सीचा साचा. धक्का पेलणारा रिकॉइल लग ७०० मध्ये नळी आणि अ‍ॅक्शन यांच्यामध्ये दाबलेली वेगळी चकती असते. तिची मागची बाजू दस्त्याला पूर्ण टेकली पाहिजे. पुढे, बाजूला आणि खाली मात्र थोडी मोकळीक हवी. तपासायला डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं मापक) नळीवर लावा, त्याचं टोक दस्त्याच्या पुढच्या टोकाशी टेकवा आणि अ‍ॅक्शन दस्त्याला आवळणाऱ्या स्क्रूंपैकी पुढचा हळूहळू सैल करा. काटा इंचाच्या दोन-तीन हजारांशांपेक्षा जास्त हलला, तर आवळताना अ‍ॅक्शन वाकतेय. अ‍ॅल्युमिनियमचे खांब असलेल्या दस्त्यात हे स्क्रू साधारण ६५ इंच-पाउंडांवर असतात, लाकडात बरेच कमी.

एक जागा हुशार लोकही विसरतात: मॅगझीनचा पत्र्याचा डबा. तो अ‍ॅक्शन आणि दस्त्याखालची धातूची पट्टी यांच्यामध्ये किंचित हलला पाहिजे. नव्या दस्त्यात तो चेपला गेला तर स्क्रूचा सगळा जोर त्या पत्र्यावर जातो. शंभर डॉलरचा साचा करून घ्यायचा आणि अ‍ॅक्शन टेकायची पत्र्यावर!

नळी दस्त्याला लागत नाही ना, हे बघायला दोन्हींच्या मधून कागदाची पट्टी सरकवणं सगळ्यांना माहीत असतं. पण ती टेबलावर, निवांत सरकवलेली असते. बायपॉडवर (पुढच्या दोन पायांच्या टेकूवर) भार टाकल्यावर प्लॅस्टिकच्या दस्त्याचा पुढचा भाग वाकून नळीला लागतो का, ते बघा. लाकडी दस्ता तर दमट हवेत स्वतःहूनच फुगतो.

मझल ब्रेक काढून, आट्यांवर टोपी लावून पुन्हा दहा गोळ्या झाडा. गोळी लागण्याची जागा बदलेल, तो दोष नव्हे. पसारा कमी होतो का, एवढंच बघायचं. नळीच्या तोंडाच्या कडेवरून कापसाचा बोळा फिरवा. धागा अडकला तर तिथे खरचट आहे. तोंडाकडून गज घालून साफ करणाऱ्यांच्या रायफलीत हे सापडतं.

गोळीला फिरकी देणाऱ्या नळीच्या आतल्या खाचांचा पीळ चुकीचा असेल तर तो दोष बहुधा सातत्यानं वाईट निकाल देतो, लहरी नाही. १९५५ मध्ये .२४४ रेमिंग्टन हे काडतूस बाजारात आलं तेव्हा त्याचा पीळ १२ इंचांत एक फेरा होता, आणि शंभर ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) वजनाच्या लांब गोळ्यांना तो कमी पडायचा. त्याच वर्षीच्या .२४३ विंचेस्टरचा १० इंचांत एक होता आणि त्यानंच बाजार मारला. १९६३ मध्ये रेमिंग्टननं तेच काडतूस ९ इंचांच्या पिळासह '६ एमएम' या नावानं पुन्हा आणलं. पण पीळ काठावरचा असेल तर गंमत होते: थंड हवा दाट असते, दाट हवेत गोळीची स्थिरता घटते. जुलैत शहाण्यासारखी वागणारी रायफल नोव्हेंबरात बिघडल्यासारखी वाटते. कागदावरची भोकं लांबट दिसली तर हा संशय घ्या.

काडतुसं एकाच लॉटची, म्हणजे कारखान्यात एकाच खेपेत बनलेली घ्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला २०२४ मध्ये ज्या ५० मीटर प्रकारात कांस्य मिळवलं, त्या पातळीवर तर आपल्या नळीला कुठला लॉट मानवतो हे झाडून पाहूनच खरेदी होते. आणि हो, रायफल एकदा दुसऱ्या चांगल्या नेमबाजाच्या हातात द्या. त्याच्या हातात ती नीट चालली, तर पुढचे पैसे सरावावर खर्च करा.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. चार बदल एकदम करणाऱ्याची रायफल सुधारली, तरी कशामुळे ते त्याला कळत नाही, आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा त्याच रांगेत उभा असतो.

शेवटी शिकाऱ्यांसाठी वेगळी परीक्षा. हरणावर तुम्ही दहा गोळ्या झाडणार नाही. थंड नळीची पहिलीच महत्त्वाची. म्हणून एक कागद राखून ठेवा. रेंजवर जाल त्या प्रत्येक दिवशी पहिली गोळी त्याच कागदावर, त्याच ठिपक्यावर नेम धरून झाडा आणि बाजूला तारीख, तापमान, नळी साफ होती की काळी, हे टिपा. नुकत्याच साफ केलेल्या नळीची गोळी कुठे जाते ते तिथेच दिसेल. मग झीरो, म्हणजे स्कोपचा नेम, त्या भोकांच्या मध्यावर जुळवा, दुपारच्या तापलेल्या ग्रुपवर नको.