गिगाबिट राउटर घरी बांधायचा, तर पैसे कुठं घालायचे?

राम राम मंडळी.

हा काळा डबा बघा. वहीपेक्षा लहान, पंखा नाही, मागे चार लॅन पोर्ट. आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावच्या अभ्यासिकेचा राउटर आणि फायरवॉल, म्हणजे कोणाला कुठं जाऊ द्यायचं ते ठरवणारा पहारेकरी, हाच. असा डबा घ्यायचा तर पैसे कुठं घालायचे आणि कुठं वाचवायचे, ते आज बोलू.

आधी शेजारच्या काकांचा प्रश्न. "कंपनीनं देल्ला तो डबा का वाईट हाये? अन् लाइन तं दोनशेची, गिगाबिट काहून पाह्यजे गा?" रास्त प्रश्न आहे. लाइन २०० एमबीपीएसचीच आहे. पण भरतीची तयारी करणाऱ्या पोरांसाठी लेक्चरचे व्हिडिओ आम्ही अभ्यासिकेतल्याच एका कॉम्प्युटरवर साठवलेत. पोरांचे मोबाईल एका नेटवर्कवर, तो कॉम्प्युटर दुसऱ्यावर, कॅमेरे तिसऱ्यावर. कॅमेऱ्यांना इंटरनेटवर जायला बंदी. एका नेटवर्कमधून दुसऱ्यात जाणारं प्रत्येक पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, फायरवॉलमधून जातं. म्हणजे बाहेरची लाइन लहान असली तरी आतलं सगळं पाणी याच दारातून वाहतं, आणि हे दार गिगाबिटचं, म्हणजे सेकंदाला हजार मेगाबिटचं हवं.

लोक सगळ्यात आधी प्रोसेसर विचारतात. राजेहो, तिथं फार डोकं लावू नका. गिगाबिट लाइन मोठ्या पॅकेटनी पूर्ण भरली तर सेकंदाला साधारण ८१ हजार पॅकेट होतात. सगळी पॅकेट सगळ्यात लहान असली तर १४.८८ लाख, पण व्हिडिओ आणि डाउनलोडचं काम पहिल्या आकड्याच्या जवळचं असतं. इंटेलचा एन१००, चार कोर (एकाच वेळी काम करणारे चार भाग) आणि ६ वॅटचा, २०२३ मध्ये आला; साध्या फायरवॉलला तो भरपूर होतो. सुरिकाटासारखी, प्रत्येक पॅकेट उघडून बघणारी तपासणी लावली तर मात्र भार एकदम वाढतो.

एक गोष्ट नक्की विचारून घ्या: तुमचं कनेक्शन पीपीपीओई आहे का? म्हणजे युजरनेम-पासवर्ड टाकून सुरू होणारं. ओपीएनसेन्स आणि पीएफसेन्स ही डब्यात टाकायची फायरवॉल सॉफ्टवेअर फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टमवर चालतात, आणि तिथं पीपीपीओईचा येणारा सगळा भार एकाच कोरवर पडण्याची जुनी अडचण आहे. लॅन कार्डाला आतला आयपी पत्ता दिसत नाही, म्हणून ते काम चार कोरांत वाटू शकत नाही. अशा वेळी कोर किती यापेक्षा एक कोर किती वेगवान, ते बघा. लिनक्सवरच्या ओपनडब्ल्यूआरटी या राउटर सॉफ्टवेअरमध्ये हा त्रास कमी.

रॅम ८ जीबी, एसएसडी १२८ जीबी. पुढं चला.

पैसे घालायचे ते लॅन पोर्टवर. फ्रीबीएसडी टाकणार असाल तर इंटेलची चिप घ्या: आय२१०, आय३५०, नाहीतर आय२२६. आय२२५ च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत दोष होता, तो जुना माल स्वस्त मिळाला तरी नको. रियलटेक लिनक्सवर बऱ्यापैकी चालतं, फ्रीबीएसडीवर मात्र लोकांनी बराच मनस्ताप भोगलाय. यूएसबीचं लॅन अडॅप्टर फायरवॉलला नकोच.

घरात पडलेला जुना डेस्कटॉप चालेल का? चालेल, पण त्यात जुन्या पीसीआय खाचेतलं कार्ड घालू नका. ती अख्खी बस सेकंदाला १३३ मेगाबाइटची, आणि गिगाबिट एका दिशेनंच १२५ मागतं. येणारं आणि जाणारं दोन्ही त्यात मावत नाही. पीसीआय एक्सप्रेसच घ्या. शिवाय बिल बघा. ६० वॅटचा डेस्कटॉप वर्षभर रात्रंदिवस चालला की ५२५ युनिट, हा डबा १० वॅटनं ८८ युनिट. आपल्या बिलाच्या दरानं गुणून बघा.

आता आपल्या भागाचं. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला पंचेचाळीसच्या पुढं जातात, आणि टिनाच्या छपराखाली काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. प्रोसेसर शंभरीपर्यंत तग धरतो, पण साध्या एसएसडीची हद्द बहुधा ७० अंशांची. म्हणून डबा लोखंडी कपाटात कोंडू नका, भिंतीवर असा उभा लावा, म्हणजे झाकणावरच्या पात्यांमधून गरम हवा वर निघून जाते. पंखा नसलेलाच घ्या; कापसाच्या हंगामात बारीक तंतू पंख्यात अडकतात आणि तो जाम होतो.

लाइट गेल्यावर काय? हा डबा १२ व्होल्टवर चालतो, फायबरचा ओएनटी (कंपनीची फायबर जिथं येऊन लागते तो डबा) सुद्धा बहुधा १२ वरच, लेबल बघून घ्या. मग बारा व्होल्टचे दोनशे तीस करून परत बारा कशाला? १२ व्होल्टचा डीसी यूपीएस लावा. बॅटरी थेट जोडू नका, चार्ज होताना तिचा व्होल्टेज चौदापर्यंत चढतो. दोन्ही मिळून २० वॅटच्या आसपास धरा. ७ एएचची नवी बॅटरी तीनेक तास काढते.

आणि आभाळातली वीज. आमचा पहिला डबा तिनंच नेला. फाटकावरच्या कॅमेऱ्यापर्यंत चाळीस मीटर लॅन केबल खांबावरून टांगली होती. मृगाच्या आधीच्या वादळात जवळच वीज कोसळली आणि पोर्टासकट मदरबोर्ड गेला. पोर्ट बोर्डावरच जडवलेले असतात, वेगळे बदलता येत नाहीत. परीक्षा आठ दिवसांवर होती आणि पोरं नेटशिवाय बसली होती, ते मला अजून लागतं. तेव्हापासून उघड्यावरून तांब्याची तार नाही. दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे तारेतला सिग्नल प्रकाशात आणि परत तारेत बदलणारे डबे, मध्ये फायबर. काच वीज वाहत नाही. फक्त त्या फायबरसोबत आधाराची पोलादी तार असते, ती बाहेरच तोडा, खोलीत आणू नका. डब्याला अर्थिंग द्या.

स्वस्त डब्यांत प्रोसेसर आणि झाकणाच्या मध्ये पेस्ट नीट लावलेली नसते, आणि सगळी उष्णता त्या झाकणातूनच बाहेर जायची असते. आता हे चार स्क्रू काढतो. कॅमेरा जवळ घे भाऊ, मधला हा कोरडा भाग दिसू दे.