होइचीचे कान

श्रोतेहो, नमस्कार.

केस पिंजारून घरी आलेल्या मुलाला आपल्याकडे आई हमखास विचारते, ‘हा काय अवतार करून आलास?’ संगणकाच्या पडद्यावर माणसाच्या जागी वावरणाऱ्या चित्रदेहालाही आज जगभर अवतारच म्हणतात. जपानमध्ये २०१६ साली किझुना आय या रेखाटलेल्या मुलीने स्वतःला ‘व्हर्च्युअल यूट्यूबर’ म्हणवून घेतले आणि त्यानंतर असे अवतार घेणाऱ्या कलाकारांची तेथे लाटच आली. कॅमेरा कलाकाराचे डोळे, ओठ आणि मान टिपतो व ती हालचाल चित्राला देतो. मागे बसलेल्या जिवंत व्यक्तीला जपानी लोक ‘नाका नो हितो’, म्हणजे आतला माणूस, म्हणतात. यांतील काही कलाकार कैदान, म्हणजे जुन्या भूतकथाही सांगतात. आतला माणूस दिसत नाही, फक्त त्याचा आवाज येतो. भूतकथेला याहून सोयीची बैठक कोणती? पार्श्वसंगीताची मात्र मुळीच गरज नसते. दाराची करकर आणि कोल्हेकुई वाजवून गोष्ट सांगणाऱ्याचा स्वतःच्या आवाजावर विश्वास नसतो, असे माझे जुने मत आहे.

या कथांपैकी माझी सर्वांत आवडती कथा होइचीची. ११८५ साली दान-नो-उरा येथे समुद्रावरच्या लढाईत हेइके घराण्याचा पूर्ण पाडाव झाला आणि सहा वर्षांचा सम्राट अंतोकु आजीच्या कडेवर बुडाला. त्या किनाऱ्यावर, आजच्या शिमोनोसेकी शहरात, एका बौद्ध मठात होइची नावाचा आंधळा बिवावादक राहत असे. बिवा म्हणजे जपानी तंतुवाद्य. एका रात्री महंत अंत्यविधीसाठी बाहेर गेले असताना चिलखतधारी योद्धा आला, ‘होइची!’ अशी हाक मारून त्याला एका मोठ्या वाड्यात घेऊन गेला, आणि तेथे जमलेल्या मानकऱ्यांपुढे होइचीने त्याच लढाईचे आख्यान लावले. ऐकणारे हुंदके देऊन रडले. तिसऱ्या रात्री मठाचे नोकर मागोमाग शोध घेत गेले, तेव्हा भर पावसात, दफनभूमीत, बालसम्राटाच्या समाधीसमोर होइची एकटाच बिवा छेडत बसला होता आणि भोवती भुतांचे टेंभे नाचत होते.

महंतांनी त्याला उघडे करून, शिष्याच्या मदतीने, छातीवर, पाठीवर, तोंडावर, अगदी तळपायांवरही कुंचल्याने प्रज्ञापारमिता हृदयसूत्र हे बौद्ध सूत्र लिहून काढले आणि बजावले की हाक आली तरी ओ देऊ नकोस, जागचा हलू नकोस. रात्री योद्धा आला. त्याने हाक मारली, उत्तर नाही. पुन्हा मारली, उत्तर नाही. अक्षरांनी झाकलेला देह त्याला दिसेना. दिसली ती एक बिवा, आणि हवेत दोन कान. हुकूम बजावल्याची खूण म्हणून त्याने ते कानच उपटून नेले. कानांचे काम महंतांनी शिष्यावर सोपवले होते आणि तपासायचे राहून गेले होते. सगळ्या अंगावर लिहिले गेले, श्रोतेहो. फक्त कान राहिले.

अवतार घडवणाऱ्याचे कामही या महंतांसारखेच आहे. आतल्या माणसाचा देह त्याला तसूतसूने झाकायचा असतो, आणि जेथे झाकायचे राहते तेथे सोंग उघडे पडते. व्हीआर, म्हणजे आभासी जगात नेणाऱ्या, हेडसेटला डोके कळते, हातांतल्या कंट्रोलरमुळे हात कळतात. पायांची दखल घेणारे काहीच नव्हते, म्हणून त्या जगातले कित्येक अवतार कमरेपाशी संपत आणि तरंगत राहत. अठराव्या शतकातला चित्रकार मारुयामा ओक्यो याच्या नावाशी जोडलेले जपानी भूतही असेच बिनपायांचे असते. आपल्या भुतांना उलटे का होईना, पाय तरी असतात. हौशी मंडळी आता कमरेला आणि पायांना हालचाल टिपणारे ट्रॅकर बांधून ही उणीव भरून काढतात.

कानांचे मात्र अजून जमलेले नाही. जपानी अवतारांना मांजराचे किंवा कोल्ह्याचे कान लावण्याची फार हौस. पण आतल्या माणसाला तसे कान नसल्यामुळे कॅमेऱ्याला तेथे टिपण्यासारखे काही सापडत नाही, आणि मग ते कान मान वळेल तसे गणिताने डोलवावे लागतात, नाहीतर कळ दाबून.