आपला खेळाडू म्हणजे कोण? बिल्बाओ, डेरी आणि आपलं बेळगाव

नमस्कार मंडळी, बेळगावातनं बोलतेय.

आज मला एका अशा फुटबॉल क्लबाबद्दल सांगायचंय, जो परमुलखातला खेळाडू घेतच नाही. स्पेनच्या उत्तरेला बिल्बाओ शहर आहे. तिथला अ‍ॅथलेटिक क्लब 1898 सालचा. बाकीचे मोठे क्लब ब्राझील, अर्जेंटिना, आफ्रिका, कुठूनही पोरं आणतात. हे मात्र शंभराहून जास्त वर्षं एकच धरून बसलेत, की खेळाडू बास्क मुलखातलाच पाहिजे. तुम्हाला वाटेल, असा क्लब कधीच बुडाला असेल. पण 1929 साली स्पेनची लीग सुरू झाली, तेव्हापासून तो एकदाही खालच्या श्रेणीत घसरलेला नाही. स्पेनमध्ये हे फक्त तिघांना जमलंय: रेआल माद्रिद, बार्सिलोना आणि बिल्बाओ.

(पडद्यावर नकाशा)

हा बास्क मुलूख बघा. सात प्रांत. चार स्पेनमध्ये, तीन फ्रान्समध्ये. माणसं एक, भाषा एक, आणि मधनं देशाची सीमा. निपाणी, खानापूरच्या माणसाला हे वेगळं समजावायला नको. 1 नोव्हेंबर 1956 ला आपला भाग मुंबई राज्यातनं म्हैसूर राज्यात गेला. लेक कोल्हापूरला दिलेली, मामा गडहिंग्लजला, आणि वाटेत कोगनोळीचा नाका. त्यांची सीमा दोन देशांमधली आहे, आपली दोन राज्यांमधली, हा फरक मोठा आहे आणि तो मी विसरत नाही. तरी त्यांची गोष्ट ऐकताना आपण कान टवकारतोच.

फ्रँकोच्या हुकूमशाहीत 1941 साली या क्लबाला आपलं नावसुद्धा बदलावं लागलं. ‘अ‍ॅथलेटिक’ हे इंग्रजी वळणाचं नाव चालणार नाही, स्पॅनिश वळणाचं ‘अ‍ॅटलेटिको’ लावा, असा हुकूम. बास्क झेंड्यावर बंदी होती. फ्रँको 1975 च्या नोव्हेंबरात गेला, पण बंदी उठली नव्हती.

मग उजाडला 5 डिसेंबर 1976. सान सेबास्तियान शहरात रेआल सोसिएदाद आणि बिल्बाओचा सामना. दोन्ही बास्क संघ, आणि एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी. सोसिएदादच्या एका खेळाडूच्या बहिणीनं घरी झेंडा शिवला. तो लपवून मैदानापर्यंत आणला. सामन्याआधी दोन्ही कर्णधार, सोसिएदादचा कोर्ताबारिया आणि बिल्बाओचा गोलकीपर इरिबार, तो बंदी असलेला झेंडा दोघांच्या हातात धरून हजारो लोकांसमोर बाहेर आले. पोलीस तिथंच होते. विचार करा, एरवी त्या दोन संघांचे पाठीराखे एकमेकांना काय काय बोलतात! पुढच्याच महिन्यात, जानेवारी 1977 मध्ये, झेंड्यावरची बंदी उठली. सामना सोसिएदादनं 5-0 असा जिंकला, पण त्या दिवसाबद्दल बोलताना लोक आधी झेंड्याचंच सांगतात.

आता मला खरं ज्याबद्दल बोलायचंय ते. बास्क म्हणजे कोण?

आजचा नियम असा आहे: बास्क मुलखात जन्मलेला चालतो, किंवा तिथल्या मैदानांवर खेळ शिकलेला चालतो. हा ‘किंवा’ फार मोलाचा आहे. घानामधलं एक जोडपं सहाराचं वाळवंट ओलांडून, बराचसा रस्ता पायी तुडवत, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या, पण स्पेनच्या ताब्यातल्या मेलिया शहराचं कुंपण चढून आलं. बिल्बाओत त्यांना इन्याकी नावाच्या एका पाद्रीनं आधार दिला. 1994 साली मुलगा झाला, त्याचं नाव त्यांनी इन्याकीच ठेवलं. तोच इन्याकी विल्यम्स. 2016 ते 2023, सलग 251 लीग सामने खेळला, एकही चुकवला नाही. तो राष्ट्रीय संघात घानाकडून खेळतो. धाकटा भाऊ निको स्पेनकडून, आणि 2024 च्या युरो, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेच्या फायनलमध्ये इंग्लंडविरुद्धचा पहिला गोल त्याचाच. दोन भाऊ, दोन देश, क्लब एक. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बिल्बाओनं 40 वर्षांनी स्पेनमधल्या क्लबांचा किंग्स कप जिंकला. मग सगळा संघ एका जुन्या मालवाहू होडीत बसून नदीतनं मिरवला, आणि दोन्ही काठांवर लाखो माणसं.

आडनाव, रंग, आईबापाचं गाव यावर हा नियम अडला असता, तर विल्यम्स बंधू बाहेरच राहिले असते. म्हणून मला हा क्लब आवडतो.

आणखी एक सीमेवरचं गाव, थोडक्यात. ब्रिटनच्या राज्यातल्या उत्तर आयर्लंडमधलं डेरी. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिथं दंगे, गोळीबार चालू होता. डेरी सिटी क्लबाला घरच्या ब्रँडीवेल मैदानावर खेळायची परवानगी मिळेना. घरचे सामनेसुद्धा दूर कोलरेन गावात खेळायचे. 1972 मध्ये त्यांनी लीगच सोडली. तेरा वर्षं गावात मोठा फुटबॉल नाही. शेवटी 1985 मध्ये सीमेपलीकडच्या, म्हणजे आयर्लंड प्रजासत्ताकाच्या लीगमध्ये जागा मिळाली. आणि 1988-89 च्या हंगामात तिथली लीग, एफएआय कप (आयर्लंडच्या फुटबॉल संघटनेचा कप) आणि लीग कप, तिन्ही जिंकले. अजूनही राहतात एका देशात आणि लीग खेळतात दुसऱ्या देशाची.

आपल्याकडं या. टिळकवाडीतलं लेले मैदान घ्या. एका संघात मराठी, कन्नड, कोंकणी, उर्दू बोलणारी पोरं असतात. ‘पास दे की रे’ आणि ‘इल्ली कोडो’ एकाच चढाईत ऐकू येतं. बिल्बाओचा नियम लावला, तर ही सगळी पोरं बेळगावची. चेंडू इथंच शिकलीत ना? सीमाप्रश्नावर माझं मत आहे, ते मी लपवत नाही, आणि कोर्टात जे चाललंय ते चालेल. पण संघ निवडताना मला हाच नियम हवा.

पुढच्या भागात कोल्हापूर. तिथल्या तालमींचे संघ, पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, आणि शाहू स्टेडियमवरची गर्दी. निपाणीकडनं ते सामने बघायला जाणारे खूप आहेत. तुमच्या घरात असं कोणी जुनं माणूस असेल, तर त्यांच्याशी बोलून मला कळवा, मी कॅमेरा घेऊन येते.