काकूंची परीक्षणाची वही

सोलापूरचा पूर्व भाग. एका घरात तेलुगू, शेजारच्या घरात कन्नड, बोळाच्या तोंडाशी मराठी. इथं राहणाऱ्या एक बाई वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाचं परीक्षण लिहितात. आम्ही त्यांना काकू म्हणतो. नाव सांगायचं नाही, असं त्यांनी बजावलंय.

पुस्तक घेताना आपण काय बघतो? मुखपृष्ठ, किंमत, फार तर मलपृष्ठावरचं कौतुक. तेवढ्यावर घेतलेली कितीतरी पुस्तकं मग कपाटात धूळ खात पडतात. काकू पुस्तक चांगलं की वाईट हे नंतर सांगतात. ते कोणी वाचावं आणि कोणी त्याच्या वाटेला जाऊ नये, हे आधी.

हे पान बघा. 'वंशवृक्ष'. एस. एल. भैरप्पा यांची कन्नड कादंबरी, मराठी अनुवाद उमा कुलकर्णी यांचा. या अनुवादाला साहित्य अकादमीचा १९८९चा पुरस्कार मिळाला. उमाताईंचे पती विरुपाक्ष मूळ कन्नड मजकूर वाचून टेप करून ठेवायचे आणि तो ऐकत त्या मराठीत लिहायच्या. हे कळल्यावर काकूंनी काय करावं? मराठी संवाद मोठ्यानं वाचले, आणि तेच प्रसंग शेजारच्या मावशींकडून कन्नडमध्ये वाचून घेतले. कुठं बोलणं तंतोतंत उतरलंय, कुठं मराठी वाक्य जरा अवघडलंय, सगळं पानांच्या आकड्यांसह टिपलंय. एवढी मेहनत करून परीक्षण लिहिणारं माणूस मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

विधवा कात्यायनी पुन्हा लग्न करते आणि मुलगा सासरीच राहतो. काकू तिची बाजू पोटतिडकीनं मांडतात. पण सासरे श्रोत्री यांना खलनायक ठरवून मोकळ्या होत नाहीत. दोघांचंही दुःख खरं मानून त्या वाचतात, म्हणून त्यांचं परीक्षण वाचल्यावर कादंबरी हातात घ्यावीशी वाटते. शेवट मात्र त्या कधीच फोडत नाहीत.

न आवडलेल्या पुस्तकांबद्दलही त्या स्पष्ट लिहितात. कंटाळा कुठल्या पानापासून आला, तेही असतं. नवोदित लेखकाचं पुस्तक असेल, तर त्यातला जमलेला एखादा परिच्छेद अख्खा उतरवून काढतात. मला ही पानं सगळ्यात जास्त आवडतात.

वही हवी असेल तर काकू आनंदानं देतात. अट एकच. तुमचं मत वेगळं असेल, तर ते समासात पेन्सिलीनं लिहायचं, आणि का ते सांगायचं.