आधी नाकाच्या मागे बघा

हा ओलसर, गुलाबी बोगदा म्हणजे एका सहा वर्षांच्या मुलीचं नाक. चित्रण पालकांच्या परवानगीने केलं आहे. आत शिरलेली दुर्बीण 2.7 मिलिमीटरची, मोठ्या माणसांना 4 मिलिमीटरची चालते. आधी औषधात भिजवलेली कापसाची पट्टी नाकात ठेवली होती, म्हणून सूज ओसरून एवढी वाट मिळाली.

इथे जरा थांबू. बाजूच्या भिंतीवरून पिवळा पू ओघळतोय. सायनस म्हणजे चेहऱ्याच्या हाडांमधल्या हवेच्या पोकळ्या. गालातल्या सायनसचं तोंड याच कोपऱ्यात उघडतं. लहान मुलांना सायनस नसतातच, असं अजूनही ऐकू येतं. पण गालातले आणि दोन डोळ्यांमधले सायनस जन्मतःच असतात. कपाळातले मागाहून तयार होतात.

दुर्बीण आणखी मागे जाते. वाट अडवून बसलेला हा मांसल गोळा म्हणजे अ‍ॅडेनॉइड, नाकाच्या मागची टॉन्सिलसारखी गाठ. याच्या घड्यांमध्ये जंतू चिकट थर करून राहतात. अँटिबायोटिकची बाटली संपते आणि शेंबूड, घोरणं, रात्रीचा खोकला पुन्हा सुरू. बारा आठवडे हे हटलं नाही की तो सायनसचा जुनाट आजार. इतके आठवडे नुसती औषधं बदलत राहण्यापेक्षा कुणीतरी इथे डोकावून बघायला हवं.

हा सीटी स्कॅन. काळी दिसते ती हवा, करडं दिसतं तिथे पू किंवा सूज. साध्या सर्दीतही तो असाच करडा दिसतो, म्हणून ऑपरेशनचा विचार पक्का होत असेल तेव्हाच काढायचा. हिची सलाइनने नाक धुण्याची आणि स्प्रेची उपाययोजना करून झाली होती.

भूल दिली आहे. तोंडातून गेलेली कोब्लेशनची, म्हणजे विजेच्या लहरींनी कमी उष्णतेत मांस विरघळवणारी, कांडी टाळूमागे वळते. गोळा थराथराने विरघळतोय, आणि ही बघा, नाकाची मागची दोन्ही दारं उघडली. सोबत गालातला सायनस धुऊन घेतला. हाड कुठेही कापलं नाही. निम्म्याहून अधिक मुलांना एवढंच पुरतं. सायनसचं तोंड मोठं करण्याचं ऑपरेशन ज्यांना यानेही आराम पडत नाही त्यांच्यासाठी, किंवा नाकात पॉलिप, म्हणजे सुजलेल्या अस्तराचा मऊ कोंब, असेल तेव्हा.

डोळ्याभोवती सूज आली तर मात्र थांबू नये. नजर जाऊ शकते, त्याच दिवशी इस्पितळ गाठावं.

संध्याकाळी ही मुलगी घरी जाईल. नाक धुणं पुढचे काही आठवडे चालूच राहील.