"पण मॅडम, आमच्याकडे असं नसतं!" : क्लॅटच्या लीगल रीझनिंगमध्ये गोव्याची मुलं कुठे अडकतात

गणपतीची चवथ संपली रे संपली की माझ्या कमेंट्समध्ये एकच प्रश्न सुरू होतो, "मॅडम, क्लॅटची तयारी कशी करायची?" मग कुणीतरी खाली लिहितं, "प्लस वन", आणि त्याच्याखाली आणखी वीस जण. ठीक आहे. आज बोलूया. क्लॅट म्हणजे बारावीनंतर राष्ट्रीय विधि विद्यापीठांत कायदा शिकायला जाण्यासाठीची प्रवेश परीक्षा. पण आधीच सांगते, "तीस दिवसांत क्लॅट" असला व्हिडिओ हवा असेल तर तो दुसरीकडे भरपूर मिळेल.

पायाभूत माहिती मी घाईत उरकणार आहे, कारण ती सगळी परीक्षा घेणाऱ्या कन्सॉर्टियमच्या, म्हणजे या विद्यापीठांच्या संघाच्या, संकेतस्थळावर आहे आणि तुम्ही ती वाचत नाही. १२० प्रश्न, १२० मिनिटं. बरोबर उत्तराला एक गुण, चुकलं की पाव गुण कापला. कॉम्प्युटर नाही, पेन आणि ओएमआर शीट. इंग्रजी, चालू घडामोडी आणि जीके, लीगल रीझनिंग, लॉजिकल रीझनिंग आणि थोडंसं गणित. लीगल आणि जीके प्रत्येकी साधारण पाव पेपर, गणित फक्त दहा टक्के. बारावीला बसणारेही देऊ शकतात. बारावीत ४५ टक्के लागतात, एससी-एसटीला ४०. वयाची अट नाही, त्यामुळे "माझं वय २३ आहे, चालेल का" विचारणाऱ्या दादा, चालेल. परीक्षा गेली काही वर्षं डिसेंबरच्या सुरुवातीला, रविवारी होते. झालं.

एक मात्र थांबून सांगते. "पेपर मराठीत असतो का?" हा प्रश्न डिचोली, सत्तरी, पेडण्याहून फार येतो. क्लॅट फक्त इंग्रजीत असतो. मराठीतून द्यायची असेल तर महाराष्ट्राची एमएच-सीईटी लॉ आहे, तिथे मराठी आहे आणि निगेटिव्ह मार्किंगही नाही. पण क्लॅटच्या इंग्रजीला एवढं घाबरायचं कारण नाही. आपल्यातले कितीतरी जण चौथीपर्यंत मराठीत शिकले आणि पाचवीत एकदम इंग्रजीत जाऊन पडले. ती उडी तुम्ही दहा वर्षांचे असताना मारलीय. आता साडेचारशे शब्दांचा एक उतारा काय घेऊन बसलात! रोज एक इंग्रजी अग्रलेख वाचा, मोठ्यानं वाचा, आणि त्यात लेखकाचं म्हणणं काय ते एका ओळीत मराठीत लिहा. हो, मराठीत. मराठीत लिहिता आलं नाही तर इंग्रजीत कळलंच नव्हतं, एवढं समजा.

आता मुद्द्यावर येते. लीगल रीझनिंग. यात उतारा एक नियम देतो, मग एक गोष्ट येते, आणि उत्तर फक्त त्या दिलेल्या नियमावरून द्यायचं असतं. मी म्हापशाला मुलांना शिकवते, आणि सराव पेपर तपासताना एक वाक्य मला इतक्यांदा ऐकावं लागतं की ते टी-शर्टवर छापून घ्यावं असं वाटतं. "पण मॅडम, आमच्याकडे असं नसतं!"

उदाहरण बघा. उताऱ्यात नियम दिलाय : लग्नानंतर पतीनं स्वतःच्या कमाईतून घेतलेली मालमत्ता त्याची एकट्याची, पत्नीनं पैसे घातले असतील तरच तिला हिस्सा. मग गोष्ट : राजेशनं आपल्या पगारातून फ्लॅट घेतला, पत्नीनं त्यात पैसे घातलेले नाहीत, आणि आता ती अर्धा हिस्सा मागते. मिळेल का? वर्गातल्या निम्म्या मुलांनी टिक केलं, "मिळेल, अर्धा". का? कारण ती गोव्यातली आहेत. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा इथे १८७० पासून लागू आहे, आणि लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, हे आपल्याला शाळेत कुणी शिकवावं लागत नाही. घर विकायला काढलं की विक्रीखतावर दोघांच्या सह्या लागतात, हे आपण घरी पाहिलेलं असतं. त्यातल्या एका मुलीचा चेहरा असा, की मीच तिची फसवणूक केली. "मॅडम, पण आईचा अर्धा वाटा असतोच!" असतो गो बाय. तुझ्या आईचा असतो. या उताऱ्यातल्या बाईचा नाही.

आणि हे मुद्दाम सांगतेय, कारण समान नागरी कायदा सध्या सारखा बातम्यांत असतो. उत्तराखंडचा कायदा २०२५ च्या जानेवारीत लागू झाला. त्या विषयावर काहीही लिहिलं की घटनेचं कलम ४४ येतं, घटस्फोटित मुस्लिम महिलेच्या पोटगीचा शाहबानो खटला येतो आणि त्यामागोमाग गोवा येतोच. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही एका निकालात गोव्याचा कौतुकानं उल्लेख केला. म्हणजे असा उतारा येण्याची शक्यता चांगली. आणि तो आला की आपली मुलं खूश, "अरे, हे तर आपलंच!" तिथेच गुण जातो. आपल्याला जितकं जास्त माहीत, तितका धोका जास्त.

मुंडकारांचंही तेच. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या, जमीनमालकाच्या, जागेत घर करून राहणारा. उताऱ्यात लिहिलंय की परवानगीनं राहणाऱ्या माणसाला वाजवी नोटीस देऊन काढता येतं. आणि आमचा विद्यार्थी, ज्याच्या घरात भाटकाराशी तीन पिढ्या कज्जा चाललाय, तो पेन आपटून सांगतो, "काढता येतच नाही, मुंडकारांना संरक्षण देणारा १९७५ चा कायदा आहे!" आहे रे बाबा. वर्ष पण बरोबर सांगितलंस. पण उताऱ्यात मुंडकार हा शब्द कुठे आहे, दाखव.

मागच्या व्हिडिओखाली एकानं लिहिलं होतं, "मॅडम, म्हणूनच मी आधी सगळा कायदा पाठ करतोय, भारतीय न्याय संहिता संपवली." लोकांनी त्याला टाळ्या दिल्यात. मी नाही देणार. क्लॅटला कायद्याचं पूर्वज्ञान लागत नाही. नुसतं लागत नाही एवढंच नाही, ते अर्धवट असेल तर नडतं.

कसं नडतं, ऐका. उताऱ्यात नियम : दुसऱ्याची वस्तू त्याच्या आवाराबाहेर नेली, तरच चोरी पूर्ण होते. गोष्ट : एक पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, रात्री दुसऱ्याच्या भाटात, माडांच्या बागेत, शिरला, माडावर चढला, दहा नारळ पाडले, गोणीत भरले आणि भाटातच पकडला गेला. संहिता पाठ केलेला मुलगा काय म्हणणार? "चोरी झाली. अप्रामाणिक हेतूनं वस्तू जागेवरून हलवली की पुरे." खऱ्या कायद्यात त्याचं बरोबर आहे! जुन्या दंड संहितेचं कलम ३७८, नव्या संहितेचं ३०३, दोन्हींत हलवणं पुरतं. पण उतारा म्हणतो आवाराबाहेर. नारळ आवारात आहेत. म्हणजे या पेपरपुरती चोरी पूर्ण झालेली नाही. ज्या मुलीनं संहिता उघडूनही पाहिली नाही तिचं उत्तर बरोबर आलं, आणि हा भाऊ पाव गुण देऊन आला.

(पाणी पिते एक मिनिट. उकाडा आहे आणि पंखा लावला की माइकमध्ये घरघर येते, त्यावरही तुमच्या कमेंट्स असतात.)

तर घरची माहिती नडते, पुस्तकातली नडते. आणि तिसरं काय नडतं सांगू? राग. हा विषय काढला की खाली भांडणं होणार, तरी काढते. पक्षांतर. घटनेची दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी, १९८५ ची. आता गोव्याच्या मुलाला पक्षांतराचा उतारा द्या आणि त्याचा चेहरा बघा. २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले. २०२२ मध्ये ११ पैकी ८. घरात वडील टीव्हीसमोर ओरडलेले, तिंट्यावर चर्चा झालेली. पेपरात प्रश्न आला की हात आपोआप "अपात्र" वर जातो. थांबा! उतारा काय म्हणतो? समजा उतारा म्हणतो : विधिमंडळ पक्षाचे दोन-तृतीयांश सदस्य विलीनीकरणाला सहमत असतील तर ते अपात्र ठरत नाहीत. मग गणित करा. १५ चे दोन-तृतीयांश बरोबर १०. ११ चे सात पूर्णांक एक-तृतीयांश, म्हणजे ८ लागतात. दोन्ही वेळी आकडा काठावर पुरा. उत्तर : अपात्र नाहीत. तुम्हाला पटो न पटो.

आता मी उताऱ्यात फक्त एक तुकडा वाढवते. "मूळ राजकीय पक्षाचं विलीनीकरण झालं असेल आणि दोन-तृतीयांश सदस्य सहमत असतील तर." आमदार तेच, आकडे तेच. पण गोष्टीत मूळ पक्ष कुठेही विलीन झालेला नाही. उत्तर उलटं! एका "आणि"मुळे. या "आणि"वर खरोखरच्या न्यायालयांत वाद झालेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं २०२२ च्या फेब्रुवारीत २०१९ च्या आमदारांच्या बाजूनं निकाल दिला. तो निकाल तुम्हाला माहीत असला तरी पेपर सोडवताना विसरा. पेपरात "आणि" आहे का "किंवा" आहे, तेवढं बघा.

म्हणून माझ्या वर्गात नियम आहे. लीगलचा उतारा वाचताना पेन्सिल हातात, आणि "आणि", "किंवा", "जोपर्यंत", "परंतु", "फक्त" या अर्थाच्या इंग्रजी शब्दांना गोल करायचा. बाकी काही अधोरेखित करायचं नाही. काही मुलं सगळा उताराच पिवळा करतात, मग त्याचा उपयोग काय? गोल झाले की नियम एका ओळीत मनाशी म्हणायचा आणि मगच गोष्टीकडे जायचं. पर्याय वाचताना आधी "कारण" नंतरचा अर्धा भाग वाचायचा. "होय, कारण पत्नीचा मालमत्तेत नेहमीच अर्धा हिस्सा असतो." हे कारण उताऱ्यात आहे? बोट ठेवून दाखवता येतंय? नाही? मग तो पर्याय गेला, "होय" कितीही गोड वाटो.

आता एक हुशार कमेंट येणार, मला माहीत आहे : "म्हणजे बाहेरचं काही वाचूच नये का?" अरे देवा. मी लीगलबद्दल बोलतेय! जीकेमध्ये बरोबर उलटं आहे. तिथे उतारा हे नुसतं निमित्त असतं. सत्तरीतून वाहणाऱ्या म्हादई नदीच्या पाणीतंट्यावर उतारा देतील आणि विचारतील लवाद कधी नेमला, आंतरराज्य नदी पाणीतंट्याचा कायदा कोणत्या वर्षीचा, घटनेचं कलम कोणतं. २०१०, १९५६, २६२. हे उताऱ्यात सापडेलच असं नाही, डोक्यात लागतं. इथे सत्तरीच्या मुलानं खुशाल मिरवावं. त्यासाठी वर्तमानपत्र. मासिक नोट्स विकत घेऊ नका असं मी म्हणत नाही, पण बातमी रोजची रोज वाचली की नोट्स निम्म्या वेळात होतात.

निगेटिव्ह मार्किंगबद्दलही एक भीती पसरवून ठेवलीय. "येत नसेल तर हात लावू नका." हिशेब करा ना. १६ प्रश्न डोळे मिटून मारले, प्रत्येकी चार पर्याय. सरासरीनं चार बरोबर, बारा चूक. चार गुण मिळाले, तीन कापले. एक उरला. नशीब वाईट असेल तर तोही जाईल, म्हणून डोळे मिटून मारू नकाच. पण एक पर्याय नक्की चुकीचा आहे हे कळलं तर फायदा वाढतो, दोन कळले तर सोडणं हा वेडेपणा. वेळ मात्र त्यात घालवू नका.

"क्लॅट नाही निघाली तर वकील होता येणार नाही का?" होता येतं हो! मिरामारला साळगावकर कॉलेज आहे, १९७० च्या दशकापासून. मडगावला कारे कॉलेज आहे. त्यांची प्रवेशाची पद्धत त्यांच्या माहितीपत्रकात बघा, माझ्या कमेंट्समध्ये नको. दिल्लीच्या राष्ट्रीय विधि विद्यापीठाची परीक्षा वेगळी, आयलेट. तिचा फॉर्मही वेगळा भरावा लागतो. दर वर्षी कुणीतरी समजतं की क्लॅटमध्येच दिल्ली येते.

आणि नरकासुर, दिवाळीच्या पहाटे जाळतात तो पुतळा. "मॅडम, दिवाळीत नरकासुर करायला जाऊ का, परीक्षा महिन्यावर असेल." जा. आदल्या रात्रीचं जागरण कर, स्पर्धा बघ, पहाटे जाळ, दुपारभर झोप. महिनाभर रोज रात्री त्या सांगाड्याला कागद चिकटवत बसायला मात्र जाऊ नको.

आता तुमची परीक्षा. मघाचाच नियम : आवाराबाहेर नेली तरच चोरी पूर्ण. पाडेलीनं नारळ पाडले, कुंपणावरून पलीकडे रस्त्यावर फेकले, स्वतः मात्र कुंपणाच्या आतच पकडला गेला. चोरी पूर्ण झाली की नाही? उत्तर खाली लिहा, नियमातल्या नेमक्या कुठल्या शब्दावरून ठरवलं तेही लिहा. नुसतं "हो" किंवा "नाही" लिहिणाऱ्याला मी हार्टसुद्धा देणार नाही.