पत्र्याची फटफटी होडी

श्रोतेहो, नमस्कार. जत्रेत खाजं घेऊन वळलात की खेळण्यांच्या दुकानाशी कधीकधी आवाज येतो, फट-फट-फट. परातीतल्या पाण्यात पत्र्याची इवलीशी होडी गोल गोल फिरत असते. आज बोलायचंय ते तिच्या इंजिनाबद्दल. इंजिन कसलं? आत चाक नाही, दट्ट्या नाही, मागे पंखा नाही. आमच्या ट्रॉलरवाल्याला दाखवलंत तर विचारील, "मगे ही चलता कशी?"

थॉमस पिओ या फ्रेंच माणसाने १८९१ मध्ये इंग्लंडात या खेळण्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. एक छोटा बॉयलर, म्हणजे पाणी तापवायची डबी, आणि त्यातून निघून मागे पाण्यात उघडणाऱ्या दोन नळ्या, एवढंच त्याचं इंजिन. पुढे १९१५ मध्ये चार्ल्स मॅकह्यू या अमेरिकनाने बॉयलरला पातळ, लवणारा पत्रा बसवायची कल्पना मांडली. फटफट वाजतो तो हाच पत्रा. होडी त्याच्यावाचूनही चालते म्हणा. पण आवाजच नसेल तर पोरं हट्ट कशाला धरतील?

डबीखाली वात पेटवली की आतल्या पाण्याची वाफ होते. ती नळ्यांमधलं पाणी मागे ढकलते आणि होडी पुढे सरकते. नळीच्या थंड भागात वाफेचं पुन्हा पाणी होतं, आतला दाब उतरतो, बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. की पुन्हा वाफ.

आता खरी मेख. जेवढं पाणी बाहेर गेलं तेवढंच आत आलं. मग होडीने जागच्या जागी डुलत राहायला हवं, नाही का? घरी एक करून बघा. समईवर फुंकर मारा, ज्योत विझेल. (आजीच्या नजरेआड मारा, फुंकरीने समई विझवलेली तिला खपायची नाही.) तेवढ्याच अंतरावरून श्वास आत ओढा. ज्योत ढिम्म! फुंकर सरळ एका रेषेत जाते, ओढलेली हवा मात्र चहूबाजूंनी येते. होडीच्या नळीतही हेच घडतं. बाहेर पडताना पाण्याचा झोत, आत येताना नुसता गोळा होणारा ओघ. जाळ्यात सापडणारं माकूलसुद्धा (इंग्रजीत स्क्विड) असंच पाणी अंगात घेतं आणि नळीतून जोरात सोडून पळतं. त्याला वात लागत नाही, इतकंच.

होडी घेतलीत तर वात लावण्याआधी एका नळीतून पाणी भरा, दुसरीतून ठिबकेपर्यंत. दोन नळ्यांचा हा एक फायदा. मग दोन्ही तोंडांवर बोट धरून ती पाण्यात सोडा. कोरडी तापवलीत तर झाळलेला सांधा वितळून नळी सुटते, आणि दुकानदार काही ती परत घेत नाही.